एकशे चौदावं पान

“काका, एकशे चौदावं पान सापडत नाहीये.”

“नीट बघा, मॅडम. पान कुठं जातंय?”

“पान राहू द्या, पुस्तकच सापडत नाहीये.”

कार्डकाकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. पण कोशाच्या कचेरीत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं तरी कळतं, की उत्तर तयार नसलं की चष्मा पुसावा; समोरच्याला वाटतं, म्हातारा विचार करतोय.

इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा हा कोश. त्याची पहिली आवृत्ती निघाली त्याला एकतीस वर्षं झाली होती. आता दुसरी आवृत्ती कॉम्प्युटरवर चढत होती. तिच्या संपादक बाई काकांच्या मुलीपेक्षाही वयाने लहान, पण कामाला चिवट. कोशातलं प्रत्येक उदाहरणाचं वाक्य मूळ पुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शिवाय प्रत्येक शब्दाचं मूळ द्यायचं, जे पहिल्या आवृत्तीत नव्हतंच. ए ते एफ झालं होतं. ‘जी’ अक्षरात गाडी अडली होती ती ग्लाइड या शब्दावर.

शब्द तसा गरीब होता. न थांबता, न धडपडता, सहज पुढे सरकणं. पाण्यावरून नाव जाते तसं, हा पहिला अर्थ. पंख न हलवता पक्षी हवेतून जातो तसं, हा दुसरा. तिसरा अर्थ माणसांचा: पायरव न करता, कुणाला न कळता जाणं. कोशाचा नियम असा, की तीन वेगवेगळ्या पुस्तकांतून तीन वाक्यं मिळाल्याशिवाय अर्थ छापायचा नाही. प्रत्येक वाक्याचं एक कार्ड, आणि ती कार्डं लिहायचे म्हणून काकांचं नाव कार्डकाका. तिसऱ्या अर्थाला तीन कार्डं होती. दोन पुस्तकं मॅडमना मिळाली होती. तिसऱ्या कार्डावर इंग्रजीत एक वाक्य होतं, त्याचा मतलब असा: ‘ती वॉर्डातून गेली, आणि झोपलेल्यांना कुणी गेल्याचं कळलंही नाही.’ खाली पुस्तकाचं नाव, ‘एका वॉर्डाच्या आठवणी’. पान ११४. उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने काकांची आद्याक्षरं.

“सात ग्रंथालयांना विचारलं. असं पुस्तक कुणाच्या यादीतच नाही म्हणतात.”

“जुनं होतं,” काका म्हणाले. “बारकंसंच. पुठ्ठा सुटलेला.”

“तुम्ही बघितलं होतंत ना पण?”

“अं? हो.”

“मग प्रश्नच मिटला!” मॅडमनी खणातून एक छापील कागद काढला. “हा तुमच्याच जुन्या संपादकांचा नियम. पुस्तक हरवलं असेल तर ज्याने ते वाचलंय त्याने ‘पाहिले’ असं लिहून सही करायची. कोश त्याच्या शब्दावर विसंबतो. शुक्रवारी ‘जी’ अक्षर बंद करायचंय, तोवर द्या. तुमच्या सहीवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवतो, काका.”

चोराच्या मनात चांदणं. काकांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला, आणि दोन वाजता घरी जाईपर्यंत खिशाला हात लावला नाही.

आता वाचकांपासून काय लपवायचं? असं पुस्तक नव्हतंच. ते वाक्य काकांनी रचलं होतं, बत्तीस वर्षांपूर्वी, बायकोवर.

बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. चाळीस खाटांच्या वॉर्डातून रोगी जागा न करता फिरायचं, हे तिच्या पायांनी असं शिकून घेतलं होतं की घरीसुद्धा ती चालताना ऐकू यायची नाही. काका दाढी करत असायचे आणि आरशात एकदम मागे ती उभी दिसायची. किती वेळा गाल कापला. “अगं, मांजराच्या गळ्यात तरी घंटा बांधतात!” ते ओरडायचे. “अहो, दचकताय काय, मीच आहे,” असं म्हणून ती पुन्हा तशीच निघून जायची. त्या वर्षी ‘जी’चं काम संपत आलं होतं, थोरले संपादक डोक्यावर बसले होते, आणि ग्लाइडच्या तिसऱ्या अर्थाला तिसरं वाक्य काही केल्या मिळत नव्हतं. अकरा दिवस काकांनी पुस्तकं उपसली. बाराव्या दिवशी दुपारी बायको ड्यूटीवरून आली, त्यांच्या टेबलाजवळून आत गेली, आणि ती गेल्याचं त्यांना तेव्हा कळलं जेव्हा आत नळ सुरू झाला. त्यांनी कार्ड पुढे ओढलं. पुस्तकाचं नाव पटकन सुचलं. पान एकशे चौदा घातलं, कारण शंभर घातलं असतं तर खोटं वाटलं असतं.

कोश छापून आला तेव्हा त्यांनी ते पान तिला दाखवलं. तिला कामापुरतं इंग्रजी यायचं. तिने बोट ठेवून वाक्य वाचलं, मग पुस्तकाचं नाव वाचलं, आणि काकांकडे बघितलं.

“हे कुठलं हो पुस्तक?”

“आहे एक.”

“खोटारडे,” ती म्हणाली, आणि लाजली. लग्नाला आठ वर्षं झालेली बाई लाजली. काकांनी आयुष्यात एकच खोटं छापलं, आणि त्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही.

शेवटची दोन वर्षं तिचे गुडघे आणि कंबर गेली, आणि हातात वॉकर आला. त्याचे रबरी बूट झिजले होते. ठक्, ठक्, ठक्. स्वयंपाकघरातून बेडरूमपर्यंत ठक् ठक् करत जाताना तिला स्वतःचीच चीड यायची. “सगळ्या बिल्डिंगला कळतं मी कुठं चालले ते,” असं ती एकदा म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही. अकरा महिन्यांपूर्वी ती गेली. वॉकर कुणा गरजूला दिला. घर शांत झालं असं लोक म्हणतात तसं काही झालं नाही. घर नुसतं वाजत राहिलं.

आणि मग दोन महिन्यांनी ते सुरू झालं.

दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन होतं, काका हॉलमध्ये शब्दकोडं घेऊन बसले होते. अचानक स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली. वीज गेली असं वाटून त्यांनी वर पाहिलं, तर दिवा चालू. गळक्या नळाचा थेंब पडताना दिसत होता, पण ऐकू येत नव्हता. मग फ्रिज पुन्हा घरघरू लागला आणि पॅसेजमधलं घड्याळ मुकं झालं. काटा चालला होता, टकटक नव्हती. मग टकटक परत आली आणि बेडरूममधला पंखा, जो फिरताना गेली सहा वर्षं कुरकुरत होता, तो कुरकुरायचा थांबला. शांततेचा एक तुकडा होता. एक माणूस मावेल एवढाच. तो घरातून चालत होता.

काका कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत, हे असेच ठेवा. कसे ठेवायचे ते काही त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर ते रोज होऊ लागलं. काका घाबरले नाहीत, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिला आठवडा ते भिंतीला पाठ लावून बसत. दुसऱ्या आठवड्यात एकदा तो तुकडा त्यांच्या अगदी जवळून गेला, तेव्हा त्यांना स्वतःचा श्वास ऐकू येईना, आणि तरी गुदमरल्यासारखं वाटेना. चाल ओळखीची होती. ते हळूच म्हणाले, “आलीस?” तो शब्दही ऐकू आला नाही, पण भीती गेली. तिला तिची चाल परत मिळाली होती, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि त्या दिवशी ते कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

मधे एकदा कचेरीतला ‘जी’च्या कार्डांचा लाकडी खण स्कॅनिंगसाठी बाहेर पाठवला होता. ते चार दिवस घरात काहीच झालं नाही. फ्रिज घरघरत राहिला, घड्याळ टकटकत राहिलं. पाचव्या दिवशी सकाळी खण जागेवर आला, काकांनी ते कार्ड आत आहे ना हे बघितलं, आणि दुपारी चारला घड्याळ मुकं झालं. दोन आणि दोन चार करायला कोशकार लागत नाही. ती त्या वाक्यात होती. वाक्य होतं म्हणून ती होती.

आणि आता शुक्रवारी ते वाक्य राहणार की जाणार, हे खिशातल्या कागदावर ठरणार होतं. एक शब्द लिहायचा, ‘पाहिले’. त्यात खोटं तरी काय होतं? पाहिलं तर होतंच. पुस्तक नसेल, पण पाहिलं होतं. अशी वकिली काका मंगळवारी दुपारभर स्वतःशी करत राहिले. मात्र पेन काही त्यांनी उघडलं नाही.

बुधवारी मुलगी आली. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासते, आणि आईसारखीच, आल्याबरोबर बापाची नाडी बघितल्यासारखं घर बघते.

“बाबा, फ्रिजमधलं दूध परवाचं आहे. आणि हा नळ अजून गळतोय? प्लंबर बोलवा म्हणून सांगितलं होतं ना मी? तुम्ही ना...”

तिचे ओठ हलत राहिले. आवाज गेला. तिने गळ्याला हात लावला, पुन्हा ओठ हलवले, आणि डोळे विस्फारून टेबलाची कड घट्ट धरली. चार वाजले होते. काका खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी फक्त हाताने, थांब, असं केलं.

“...आवाज! बाबा, माझा आवाज कुठं गेला?”

“आला ना परत. बस.”

“काय होतं ते?”

“आई आहे तुझी.”

मुलगी बसली. पॅसेजमधलं घड्याळ थांबलं, सुरू झालं. पंखा थांबला. तिने ते सगळं ऐकलं, म्हणजे ऐकू न येणं ऐकलं, आणि तिच्या हातांवर काटा आलेला काकांना दिसला.

“किती दिवस चाललंय?”

“नऊ महिने.”

“नऊ महिने! आणि मला नाही सांगितलंत?”

“तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस.”

“नेलंच असतं.” ती रडू लागली, मग रडायची थांबली. काकांनी सगळं सांगितलं; कार्ड, खोटं पुस्तक, खण बाहेर गेलेले चार दिवस, खिशातला कागद. मुलगी हिशेबी डोक्याची. तिने डोळे पुसले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“जाते कुठून कुठं?”

“स्वयंपाकघरातून निघते. पॅसेज. मग बेडरूम. माझ्या पलंगाच्या उशाशी थांबते, दहा आकडे मोजावेत इतका वेळ. मग खिडकीपाशी. मग परत.”

“चारलाच?”

“बाराला, चारला, आठला. दर चार तासांनी. घड्याळ लावून घे.”

“बाबा,” मुलगी म्हणाली. “बाबा, हा वॉर्डातला राउंड आहे.”

“हो, मग? तिची सवय आहे ती.”

“बसते का कधी?”

“काय?”

“ती बसते का हो कधी? नऊ महिन्यांत एकदा तरी कुठं टेकली?”

काकांनी चष्मा काढला.

“चौतीस वर्षं ती उभ्याने नोकरी करत होती,” मुलगी म्हणाली. “रात्री पाय बादलीत घालून बसायची, मी गरम पाणी ओतायचे. रिटायर झाली तेव्हा म्हणाली होती, आता मी नुसती बसणार आहे. आणि मग ते गुडघे. आणि आता तुम्ही तिला...”

“मी? मी काय केलं? ती येते!”

“वाक्यात तुम्ही घातलंत तिला. वॉर्डात. चालताना.”

“ओरडू नकोस, ती आत आहे.”

“मी ओरडत नाहीये. तुम्ही सही करा नाहीतर नका करू, मी काही म्हणणार नाही. मलाही ती हवीये, बाबा. मला काय ती नकोय?” तिने पर्स उचलली, चपला घातल्या, आणि दारातून स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, “आई, येते गं.” वर्षानुवर्षं म्हणायची तसंच. मग जिन्यात तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला.

काका रागावले. तो राग त्यांना बुधवारी रात्रभर आणि गुरुवारी अर्धा दिवस पुरला. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचा राग फार टिकत नाही, आणि त्याखाली जे असतं ते जास्त टिकतं. गुरुवारी दुपारी त्यांनी बेडरूममध्ये एक खुर्ची नेऊन पलंगाच्या उशाशी ठेवली. चारला तो तुकडा आला, उशाशी दहा आकडे थांबला, आणि खुर्चीला वळसा घालून खिडकीकडे गेला. आठला पुन्हा तेच. काकांनी खुर्चीवर उशी ठेवून बघितली. रोग्याच्या नातेवाइकाच्या खुर्चीत ड्यूटीवरची नर्स बसत नाही, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

शुक्रवारी ते साडेदहाला कचेरीत पोहोचले. मॅडम समोरच्या टेबलावर ‘जी’ गुंडाळायच्या घाईत होत्या. टायपिंग करणाऱ्या दोघी खाली मान घालून बडवत होत्या, आणि रस्त्यावरच्या हॉर्नांनी खिडकीची काच थरथरत होती.

काकांनी आधी ग्लाइडच्या मुळाचं कार्ड काढलं. ते अर्धवट राहिलं होतं. शब्द जुन्या इंग्रजीतला, ग्लीदान. जर्मन आणि डच भाषांत त्याची चुलत भावंडं आहेत. त्याच्याही मागे गेलं तर चमकणं अशा अर्थाचा एखादा फार जुना धातू असावा, असं काही जण मानतात, नक्की नाही. ‘नक्की नाही’ हे काकांचे कोशातले आवडते शब्द होते. कोशात माणूस सगळ्यात खरा तिथंच असतो, असं ते म्हणत. कार्ड अडलं होतं ते जुन्या अर्थांपाशी. पहिला जुना अर्थ त्यांनी लिहिला होता: सहज सरकत जाणे. दुसरा, सोमवारी संदर्भग्रंथात वाचल्यापासून, त्यांनी लिहिला नव्हता.

त्यांनी ते कार्ड बाजूला सारलं, खिशातला कागद उलगडला आणि पेन उघडलं.

“झालं का, काका? तेवढं एकच राहिलंय बघा.”

“करतो.”

त्यांनी ‘पा’ लिहिलं.

टायपिंग थांबलं. त्यांनी वर पाहिलं तर दोघींची बोटं चालूच होती. रस्त्यावर एक ट्रक वळत होता, त्याचा धूर दिसत होता, आवाज नव्हता. खिडकीची काच थरथरत होती. मॅडम त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या, त्यांचे ओठ हलत होते, आणि त्यातलं एक अक्षरही काकांपर्यंत पोहोचत नव्हतं. अकरा वाजले होते. ही राउंडची वेळ नव्हती. या कचेरीत ती जिवंतपणी कधी आली नव्हती, दोनदा बोलावूनसुद्धा.

ती त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी होती. वास आला नाही, गारवा आला नाही, असं काहीच नाही. फक्त त्या बाजूचा कान जास्त बहिरा होता. काकांनी दहा आकडे मोजले. ती हलली नाही. त्यांनी वीस मोजले, पन्नास मोजले. कागदावर ‘पा’ तसाच होता, शाई वाळत होती, आणि ती उभी होती. शंभरापर्यंत आल्यावर काकांना दुसरं काही सुचेना, फक्त एवढंच दिसू लागलं: ती उभी आहे. सत्तर वर्षांची बाई, कंबर गेलेली, पाय सुजलेले, आणि आपण इथं खुर्चीत बसून तिला एका शब्दासाठी ताटकळत ठेवलंय.

त्यांनी ‘पा’ खोडला. खाली लिहिलं: ‘असे पुस्तक नाही. वाक्य मी रचले आहे.’ सही केली. तारीख घातली. मग मुळाचं कार्ड ओढून त्यावर दुसरा जुना अर्थ नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिला: सरकत दिसेनासे होणे. हे सगळं लिहिताना निबेचा आवाज आला नाही.

“...काका? काका, बरं वाटत नाहीये का?”

“बरं आहे.” त्यांनी दोन्ही कागद पुढे केले.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. टायपिंगवाल्या दोघी आता खरोखरच थांबल्या होत्या.

“हे लिहायची काही गरज नव्हती,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “कुणाला कळलं नसतं.”

“नसतं कळलं.”

“कुणावर होतं?”

“घरच्यांवर.”

मॅडमना काकांची बायको गेल्याचं माहीत होतं. त्या भेटायलाही येऊन गेल्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, काकांकडे बघितलं. “तुमची शिस्त बघून आम्ही शिकलो हो,” असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि त्यात राग किती आणि वाईट वाटणं किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. काका मान खाली घालून उभे राहिले. ते त्यांना चुकवायचं नव्हतं.

“काढू?”

“काढा.”

एक बटण दाबलं. वाक्य गेलं. त्याला क्षणाचाही वेळ लागला नाही.

“आता दोनच राहिली, काका. तीन नसली तर तिसरा अर्थच छापता येणार नाही.”

“सोमवारपासून शोधतो. कुणीतरी खरंच लिहिलं असेल,” काका म्हणाले. “जगात ती एकटीच थोडी अशी चालत होती.” आणि ते पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

घरी आल्यावर त्यांनी काही केलं नाही. हॉलमध्ये बसून राहिले. खण बाहेर गेला होता तेव्हासारखंच आता होणार; फ्रिज, नळ, घड्याळ, पंखा, आणि मरेपर्यंत हेच. त्यांनी स्वतःची तयारी केली होती, म्हणजे तशी समजूत करून घेतली होती.

चार वाजता फ्रिज थांबला.

काका ताठ बसले. नळाचा थेंब मुका पडला. पॅसेजमधलं घड्याळ मुकं झालं. आता पंखा, असं ते मनाशी म्हणाले, पण बेडरूममधला पंखा कुरकुरतच राहिला. घड्याळ पुन्हा टकटकू लागलं. मग हॉलच्या खिडकीतून येणारा रस्त्याचा आवाज गेला, आणि काकांना स्वतःचा श्वास ऐकू येईनासा झाला. ती राउंडवर निघाली नव्हती. ती हॉलमध्ये आली होती.

“बस ना थोडी,” ते म्हणाले.

समोर दिवाण होता. शांतता तिथं गेली आणि हलली नाही. दहा आकडे झाले, शंभर झाले. ऊन फरशीवरून एक चौकट सरकलं. काका बोलू लागले. चाळीस वर्षांत जे बोलायचं राहून गेलं होतं, ते ज्या क्रमाने आठवलं त्या क्रमाने बोलत गेले. काय बोलले ते त्यांनाही ऐकू आलं नाही.

मग दिवाणामागच्या खिडकीतून रस्ता पुन्हा वाजू लागला, आणि बाहेरच्या दारापाशी, जिथं वाऱ्याने कडी नेहमी किणकिणते, तिथं कडी नुसती हलताना दिसली. काका उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी घाईने गेले. कुणी निघालं की यजमानाने दारापर्यंत जावं. त्यांनी दार उघडून धरलं.

तिसऱ्या मजल्यावरून ते ऐकत राहिले. दुसऱ्या मजल्यावर रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. त्या एका वाक्याच्या मधोमध थांबल्या आणि चार शब्द गाळून पुढे सुरू झाल्या. त्याखाली शेजारीण दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, धापा टाकत वर येत होती. तिची धाप ऐकू येईनाशी झाली. काकांनी कठड्यावरून वाकून बघितलं. ती वळणावर थांबली होती आणि भिंतीला चिकटून उभी होती, कुणाला तरी वाट देतात तशी. क्षणभराने ती पुढे निघाली. तळमजल्यावर दोन बायका कशावरून तरी भांडत होत्या. दोघी एकदम गप्प झाल्या आणि मग दोघी एकदम बोलू लागल्या. फाटक वाजलं नाही. रस्त्यावरचे हॉर्न एकेक करून विझत गेले, आणि एकेक करून परत आले.

शेजारीण वर पोहोचली.

“कोण गेलं हो आत्ता?”

“बायको,” काका म्हणाले.

शेजारणीने त्यांच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. तिने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या, डोक्यावरून पदर घेतला, आणि ती काकांच्या शेजारी कठड्याशी उभी राहिली.